जोडाचा नमदा

शरद ऋतू लागला, आलायच्या डोंगरमाथ्यांवर पहिली पांढरी रेघ उमटली, आणि साय-बाशी गावच्या पंचायत कचेरीत वाद सुरू झाला: गावाच्या कढया ठेवायच्या कुठे?

साध्यासुध्या नव्हेत, अख्खा मेंढा मावेल अशा कढया. लग्न असो, बारसं असो की वर्षश्राद्ध, सगळं गाव त्यांतच जेवतं. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं त्यांचा गोठा बसला आणि तेव्हापासून त्या उघड्यावर गंजत होत्या.

"संग्रहालयाच्या दोन खोल्या आहेत की!" सरपंच एर्गेशआका म्हणाले. "तिथं जातं कोण? आत एक पेंढा भरलेला लांडगा, त्याचेही कान कसरीनं खाल्लेत. पाठवून द्या सगळं जिल्ह्याच्या गोदामात."

"आका, लांडगा तेवढा इथंच ठेवू या," टंकलेखिका उर्किया म्हणाली. "तुम्ही दौऱ्यावर गेलात की तुमच्या खुर्चीत बसवता येईल. तो निदान ओरडत तरी नाही."

सगळे हसले. एर्गेशआकाही हसले आणि सालकिनकडे वळले. "तू उद्या जाऊन खोल्या मोजून ये. परवा बैठकीत ठराव करून टाकू."

सालकिन कचेरीत जागाजमिनीचं काम पाहायची. तिनं मान हलवली. तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. संग्रहालय तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि शाळेच्या सहलीनंतर तिनं तिथं पाऊल टाकलेलं नव्हतं. आपलंच तर आहे, बघू कधीतरी! आपण सगळे असंच म्हणत असतो, नाही का?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली, तेव्हा सासूबाई सोनुनबुबू अपा डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल गुंडाळत होत्या.

"कुठं निघालात, अपा?"

"दवाखान्यात. रक्तदाब बघायला."

"दर आठवड्याला काय बघतात हो एवढं?"

"वर आहे की खाली आहे ते बघतात. तू जा तुझ्या कामाला."

सालकिन आधी कचेरीत गेली, मोजपट्टी घेतली आणि संग्रहालयाशी आली. दारातल्या जर्दाळूच्या झाडाची पानं पिवळी पडून पायरीवर साचली होती. भूगोल शिकवून निवृत्त झालेले माम्बेत अगाय उन्हाला पाठ देऊन बसले होते. गावात शिक्षकाला सगळे अगायच म्हणतात. सालकिनचं माहेर शेजारच्या गावचं; तिथल्या शाळेत तिलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"ये ये, सालकिन! नकाशात कॅस्पियन समुद्र चुलीएवढा काढणारी मुलगी! मोजायला आलीस ना? कळलंय मला. मोज. फक्त पाय न वाजवता जा. आत पाहुणे आहेत."

आत अर्धवट अंधार होता आणि त्यात खिडकीतून उन्हाचा एक लांबट पट्टा पडला होता. धूळ त्या पट्ट्यातून इतकी सावकाश तरंगत होती, की वेळही तिथं येऊन जरा टेकल्यासारखा वाटे. लोकरीचा, जुन्या लाकडाचा, कुठल्याशा विझलेल्या चुलीचा वास. खोगिरं, लाकडी पाळणा, दूध घुसळायची चामडी पिशवी, कान नसलेला लांडगा. आणि पलीकडच्या भिंतीसमोर स्टुलावर, हातात चहाची वाटी घेऊन बसलेल्या अपा!

"अपा? तुम्ही? आणि दवाखाना?"

अपा दचकल्या नाहीत. कुठूनतरी लांबून परत आल्यासारखं त्यांनी वळून पाहिलं. "हाच माझा दवाखाना. बस."

भिंतीवर एक शिरदाक टांगलेला होता, लोकर दाबून केलेला नक्षीचा नमदा. निळ्या जमिनीवर लाल रंगात मेंढ्याची वळलेली शिंगं. ती नक्षी सालकिनला ओळखीची वाटली. फार ओळखीची.

"हा ऐपेरीचा," अपा म्हणाल्या.

ऐपेरी ही अपांची मुलगी, सालकिनची नणंद. ती डोंगरापलीकडे दिली होती. सालकिन या घरात येण्याआधीच, पहिल्या बाळंतपणात गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

"तिच्या लग्नाच्या उन्हाळ्यात आम्ही घातला हा नमदा," अपा सांगू लागल्या. त्यांचा आवाज झोपेत बोलणाऱ्या माणसासारखा मऊ झाला होता. "सगळी आळी आली होती. लोकर छड्यांनी झोडली, बोरूच्या चटईवर पसरली, वर उकळतं पाणी शिंपडलं, गुंडाळी केली आणि ओळीनं बसून कोपरांनी लाटत नेली. कोपरं सोललेली आणि तोंडं गात असलेली! ऐपेरी सगळ्यांत मोठ्यानं. आवाज कसा? फाटक्या टोपलीसारखा. पण गाणार तीच."

अपा हसल्या. सालकिनही हसली, जिला कधी पाहिलं नव्हतं तिच्या आवाजाला.

"मग दोन नमदे एकावर एक ठेवले, एक लाल, एक निळा. दोन्ही एकाच सुरीनं एकदम कापले. लालातली शिंगं निघाली ती निळ्यात बसवली, निळ्यातली लालात. शिरदाक एकटा कधी जन्माला येत नाही, बाई. त्याचा जोड असतोच. आमच्या घरची रीत अशी, की एक लेकीबरोबर जातो आणि दुसरा आईकडे राहतो. तिचा रंग माझ्या घरात, माझा तिच्या. ती गेल्यावर तिच्या सासरच्यांनी हा इथं दिला. माझ्याकडे राहिला लाल जमिनीचा, तो..."

अपा थांबल्या. पण सालकिनला पुढचं ठाऊक होतं. लाल जमीन, निळी शिंगं, कडा झिजलेल्या. मागच्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत गाय व्याली, तेव्हा कोपऱ्यातला तो जुना नमदा तिनं स्वतः फाडून वासराखाली अंथरला होता. जुना नमदा गोठ्यातच जायचा. कोणत्या घरात तसं होत नाही? वसंतात तो शेणाबरोबर खड्ड्यात गेला.

"अपा!" सालकिन म्हणाली. "तुम्ही बोलला का नाहीत? एका शब्दानं तरी!"

"वासरू जगलं ना? मग झालं. थंडीत कुडकुडणाऱ्या जिवाखाली गेला, वाया नाही गेला." अपांनी चहाचा घोट घेतला. "आणि तुला कसं कळणार होतं? मी कधी सांगितलं? तू कधी विचारलंस?"

सालकिन उठली आणि भिंतीजवळ गेली. त्या निळ्या जमिनीतली लाल शिंगं तिच्या घरच्या नमद्यातूनच कापलेली होती. जो तिनं मातीत घालवला, त्याचं काळीज इथं भिंतीवर शाबूत होतं! आणि ते गोदामात धाडायला मोजपट्टी घेऊन आली होती तीच!

"आपण हा घरी नेऊ या," ती घाईघाईनं म्हणाली. "मी अर्ज करते. तुमच्या खोलीत लावू."

"आणि बाकीचं?" अपांनी विचारलं. "तो पाळणा कुणाचा? ती खोगिरं? त्यांच्या आया येऊन अर्ज करणार आहेत का? घरी नेला तर ऐपेरी माझी एकटीची होईल. मी मेले की कुणाचीच नाही. इथं आहे तोवर सगळ्या गावाची लेक आहे."

"पण कढया, अपा? त्याही गावाच्याच."

"अगं, कढयांना खोली कधीपासून लागायला लागली? आमच्या वेळी ज्याच्या घरी शेवटची जेवणावळ, त्याच्या ओसरीत कढई. पुढच्याच्या घरी कार्य निघालं की त्यानं येऊन न्यायची. कढई घरोघर फिरायची, म्हणून माणसंही फिरायची. कढयांना गोठा बांधला, आणि एकमेकांकडे जाणं बंद झालं!"

दारातून अगाय म्हणाले, "ऐक, सालकिन. भूगोलापेक्षा चांगलं शिकवतायत."

सालकिननं मोजपट्टी उघडलीच नाही. ती स्टूल ओढून अपांजवळ बसली. "ती कोणतं गाणं म्हणायची हो, अपा?" ऊन भिंतीवरून उतरून गेलं, तरी त्या दोघी उठल्या नव्हत्या.

बैठकीत एर्गेशआकांनी विचारलं, "झाल्या का खोल्या मोजून?"

"नाही. त्या रिकाम्या नाहीत, आका."

"अगं, पण तिथं जातं कोण?"

"माझ्या सासूबाई जातात. मी जात नव्हते. तुम्ही जात नाही. आपणच जायचं नाही, आणि आपणच म्हणायचं की कुणी जात नाही!" कढयांची जुनी रीत तिनं सांगितली. "सगळ्यांत मोठी तुमच्या ओसरीत, आका. शेवटचं लग्न तुमच्याच मुलाचं झालं."

"घ्या!" उर्किया टाळी वाजवून म्हणाली.

ठराव त्या दिवशी झाला नाही. रविवारी एर्गेशआका संग्रहालयात आले, घसा खाकरत, तपासणीला आल्यासारखे. सालकिन मुलीला, नुरीपाला, घेऊन अपांशेजारी बसली होती. आका एका खोगिरापाशी थांबले. त्याच्या पुढच्या लाकडावर दातांच्या खुणा होत्या.

"हे आमच्या आजोबांचं," ते हळूच म्हणाले. "दात माझे. मला पुढ्यात बसवायचे आणि मी लाकूड चावायचो." मग त्यांनी टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. सगळ्यांत मोठी कढई त्यांच्या ओसरीत गेली, आणि तो ठराव पुन्हा कधी कुणी काढला नाही.

वाचकहो, छप्पर कोसळून संग्रहालयं मरत नाहीत. "बघू कधीतरी" या आपल्या दोन शब्दांनी मरतात. परमुलखातला पाहुणा येऊन त्यांची छायाचित्रं काढतो, आणि आपण दारावरून भाजी घेऊन जातो! तुमच्याही गावात, तालुक्याला, एखाद्या जुन्या वास्तूत अशा दोन खोल्या असतील. या रविवारी तिथं जा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या, त्यांना बसायला स्टूल द्या, आणि मग घाई करू नका. ते ज्या वस्तूसमोर थांबतील, तिथं तुम्हीही थांबा आणि विचारा, "ही कुणाची?"