उणे बावीस मीटरचा मनोरा

"गणित आपल्या घराण्याच्या रक्तात आहे!" हेमचंद्रने आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात, लेकीच्या हातातली पेन्सिल काढून घेत जाहीर केलं. मग त्याच भारदस्त आवाजात उत्तरही सांगितलं, "मनोऱ्याची उंची, उणे बावीस मीटर."

स्वरांगीने आधी वहीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"म्हणजे मनोरा विहिरीत बांधलाय का?"

हे ती इंग्रजीत म्हणाली, तेही खास तिथल्या मीथ परगण्याच्या हेलात. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र ती इंग्रजीच. आपण सोयीसाठी मराठीत ऐकू.

कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर होता. चूक कॅल्क्युलेटरची, असं हेमचंद्रचं म्हणणं पडलं. दहावीला दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस मिळवलेल्या माणसाची कशी असेल? हे मार्क त्याच्या डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या ऑफिसात सर्वांना पाठ होते. लुआस ट्राममध्ये रोज समोर बसणाऱ्या एका आयरिश आजोबांनाही होते.

"बाबा, मी सोमवारी मॅडमना सांगणार आहे. हायर मॅथ्स सोडून सोप्या ऑर्डिनरीला जाते."

"आणि कॉलेज प्रवेशाला हायरचे मिळणारे जादा पंचवीस पॉइंट? ते गेले तर तुला व्हेट, जनावरांची डॉक्टर, कोण करणार? मेंढ्या?"

"तू शिकवलंस की मला वाटतं, मी मठ्ठ आहे," असं म्हणून ती दप्तर उचलून मैत्रिणीकडे, टेमीकडे निघून गेली.

त्याची बायको उल्का हॉस्पिटलला निघाली होती. ती भूल देणारी डॉक्टर. नवऱ्याला कुठे दुखतंय हे तिला न तपासता कळायचं.

"हेमू, तू शिकवत नाहीस. तू तिच्यासमोर पेपर सोडवतोस."

"मग काय करू?"

"संध्याकाळी तिला आणायला जा. आणि फोला काय करते ते बघ. तोंड न उघडता."

फोला म्हणजे टेमीची आई. मूळची लागोसची, उल्काच्याच हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट. टेमीला पहिल्या वर्षी शाळेने विनाकारण खालच्या गटात टाकलं, तेव्हा ही बाई डबा घेऊन शाळेत जाऊन बसली होती. गट बदलल्यावरच उठली.

हेमचंद्र पोचला तेव्हा फोला युनिफॉर्ममध्येच, पाय स्टुलावर टाकून, डोळे मिटून पडली होती. दोघी मुली किचनच्या प्रेसच्या, म्हणजे कपाटांच्या, दारांवर मार्करने त्रिकोण काढून तिला समजावत होत्या.

"नाही कळलं," डोळे न उघडता फोला म्हणाली. "परत सांगा."

मुली परत सांगू लागल्या. मध्येच स्वरांगी थबकली. "थांब, टेमी! हा कोन तो नाहीच!" तिने पुसलं, नवं लिहिलं, आणि चक्क हसली. गणित करताना!

हेमचंद्र कुजबुजला, "तुम्हाला त्रिकोणमिती येते?"

"छे! मला ड्यूटीनंतर झोप येते. मध्येमध्ये जाग आली की म्हणते, नाही कळलं." तिने एक डोळा उघडला. "तुम्हाला सगळं येतं ना? अरेरे. मग जरा अवघड आहे."

रविवारी दुपारी हेमचंद्र टेबलाशी येऊन बसला. घसा खाकरला.

"स्वरा, मला हे जरा समजावून सांगतेस?"

"तुला? एकशे अठ्ठेचाळीसला?"

"त्याला फार वर्षं झाली गं."

तिने संशयाने वही पुढे ओढली. बोलता बोलता तिसऱ्या ओळीत वजाचं अधिक झालं. हेमचंद्रला ते लगेच दिसलं. त्याचा हात पेन्सिलीकडे निघाला, त्याने तो मांडीखाली दाबला. मग दुसराही दाबला. सगळे एकशे अठ्ठेचाळीस मार्क घशाशी आले होते.

"नाही कळलं," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच. "तिसरी ओळ परत सांग."

"सोप्पं आहे रे बाबा. हे इकडे गेलं, म्हणून हे..." ती थांबली. पेन्सिल चावली. बाहेर कुणाचं तरी लॉनमोअर सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

"वजा!" ती ओरडली. "वजा आहे ते!" तिने खोडलं, शेवटपर्यंत सोडवलं, पुस्तकाच्या पाठीमागचं उत्तर पाहिलं. "ग्रँड," ती स्वतःशीच म्हणाली. पुढचं गणित तिने आपणहून काढलं. मग वर न बघताच म्हणाली, "मॅडमना उद्या काही सांगत नाही. ख्रिसमसपर्यंत बघू."

हेमचंद्रला भरून आलं. पूर्वज, रक्त, मेंढ्या, सगळ्यांना सामावून घेणारं एक छोटेखानी भाषण त्याच्या मनात तयार झालं. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"बाबा," स्वरांगी म्हणाली, "पाय हलवू नकोस ना. टेबल हलतंय."