आधी झाकण

"पंखा फिरायलाय, दिवा लागलाय, मग पडदा काळा कामून?" काउंटरवर कोपर टेकून गुरुशांतप्पाने पुन्हा विचारलं.

"मला माहीत असतं तर तुला असं बसवून ठेवलं असतं व्हय?" उघड्या कॅबिनेटमधून मान वर न काढता अंकुशराव खेकसले.

भालकीच्या बसस्टँडमागे त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. गुरुशांतप्पा लग्नांचे फोटो-व्हिडिओ करणारा, जुनं गिऱ्हाईक. त्याच्याच कामासाठी सकाळपासून हा नवा डेस्कटॉप जोडणं चाललं होतं. नेत्रावती, त्यांची बायको, गेल्यापासून अंकुशरावांनी नवं मशीन जोडलंच नव्हतं. दुरुस्त्या तेवढ्या केल्या. पुण्याहून मुलगी मंजुश्री फोनवर एकच म्हणायची, 'बाबा, दुकान बंद करा, इकडं या.' काल वैतागून त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, हे मशीन नीट चालू झालं नाही तर शटर ओढतो आणि येतो.

आणि आता हे.

रॅम काढून, पुसून बसवली. दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. पावर सप्लाय बदलला. बोर्डावरचा सेल काढून परत घातला. केबल बदलली, मॉनिटर बदलला. या प्रोसेसरला पडद्यावर स्वतःहून काही दाखवता येत नव्हतं, सगळी भिस्त ग्राफिक कार्डावर. म्हणून कपाटातलं जुनं कार्डही लावून झालं. पडदा काळा तो काळाच.

"बोर्डच मेलेलं दिसायलंय," ते म्हणाले. "परत धाडावं लागतंय."

"आन् मी रविवारी लग्नाच्या पाव्हण्यांना व्हिडिओ म्हणून काय देऊ? माझं तोंड?" गुरुशांतप्पा उठलाच. "ऱ्हाऊ द्या अण्णा. मी उदगीरला जाऊन तयार मशीन घेतो. तुमाला तरी कशाला उगं तरास?"

अंकुशरावांनी पेचकस काउंटरवर आपटला. पूर्वी गप्पा मारत मारत मशीन जोडायचे ते. आता साधा स्क्रूसुद्धा दोनदा हातातून निसटला होता.

गुरुशांतप्पा नरमला. "पूजा तरी केलाव का? अक्का असती तर पूजेबिगर मशीन दुकानाभायेर जाऊ दिली नसती."

"केली की. सकाळीच. तिच्याच करंड्यातलं कुंकू, अक्षता."

"तुमच्यावर कानडीत कशी वरडायची, ध्यानात हाय का? 'मोदलु मुच्चळ हाक्री!' आधी झाकण लावा म्हणून. मला लई हसू यायचं. देवाला काय, झाकण असलं काय, नसलं काय!"

अंकुशरावांनी उघड्या कॅबिनेटकडे पाहिलं.

सकाळी त्यांनी झाकण लावलं नव्हतं. कार्ड बसवायचं बाकी होतं, तेवढ्यात पूजा उरकून घेऊ म्हणून उघड्या कॅबिनेटवरच अक्षता टाकल्या होत्या. दिसल्या तेवढ्या वेचल्या, फुंकर मारली, झालं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, बाईला उगीच नीटनेटकेपणाचा सोस.

त्यांनी कार्ड उपसलं, मोबाइलचा टॉर्च खाचेवर धरला. अगदी टोकाला तांदळाची पिवळी कणी अडकली होती. तिच्यामुळे कार्ड केसभर वर राहत होतं, आणि त्यांनी ते स्क्रूने आवळून बसलं असं मानलं होतं. जुनं कार्डही तसंच.

चिमट्याने कणी काढली. कार्ड दाबलं. खट्. हा आवाज सकाळी आलाच नव्हता.

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"आलं की वो अण्णा!" गुरुशांतप्पाने टाळी वाजवली आणि मशीन उचलायला हात घातला.

"थांब जरा."

अंकुशरावांनी झाकण लावलं, स्क्रू आवळले, मग वरून कुंकवाचं बोट टेकवलं. ते तिरपंच लागलं.

दुकान रिकामं झालं तेव्हा कणी काउंटरच्या काचेवरच होती. फोन वाजत होता, मंजुश्रीचा. अंकुशरावांनी आधी कणी उचलली, नेत्रावतीच्या करंड्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग फोन घेतला.

"व्हय माय," ते म्हणाले, "चालू झालं."