आरशावरचे कुंकू

मी एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. जबलपूरच्या गढ़ा भागातल्या एका शाळेत माझे सारे आयुष्य गेले. पितळेचे अंग, पायाशी गोल आरसा आणि थेंबातले जग दाखवणारी दोन भिंगे, असा माझा थाट होता. मुले मला डोळा लावून "अरे बाप रे!" म्हणायची, तेव्हा मला धन्य वाटायचे.

मग कोणीतरी घाईत माझी नळी खाली आणली आणि एक भिंग काचेवर आपटून तडकले. तेव्हापासून मी लोखंडी कपाटात, कुलपाआड. विज्ञानाच्या हेमलता मॅडम दसऱ्याला तेवढे मला बाहेर काढत, हळदीकुंकू वाहत आणि पुन्हा कुलूप घालत. पेशी मुलांनी फळ्यावरच्या चित्रातच पाहायच्या. मित्रांनो, असल्या मानाचा मला राग येई.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत शाळेने भंगार काढले. मॅडम म्हणाल्या, "आज शेवटचं लावून पाहू. काही दिसलं तर राहील, नाही तर जाऊ द्या."

दुर्वा नावाच्या मुलीने बाटलीत तलावाचे पाणी आणले होते. त्याचा थेंब काचेवर घेऊन तिने माझ्याखाली सरकवला. तिच्या वर्गातल्या अक्षतने डोळा लावला.

"अंधारच आहे, मॅडमजी."

"थोडं खाली घे."

तो भिंगातून बघत बघतच नळी खाली आणणारे मोठे चाक फिरवू लागला. माझा जीव टांगणीला लागला! उरलेले एकुलते भिंग काचेकडे निघाले होते आणि मला ओरडता येत नव्हते. आणखी खाली. आणखी. आता मध्ये जेमतेम केस मावला असता.

दुर्वा टेबलाशी वाकून बाजूने पाहत होती. "रुक, अक्षत! काहून फिरवून राहिला? टेकते ना आता!"

चाक थांबले. दुर्वा मात्र तशीच वाकून राहिली. "मॅडमजी, आरशावर तर कुंकू आहे. उजेड कुठून येईल?"

मॅडमचा चेहरा उतरला. "मीच लावलं गं," म्हणत त्यांनी पदराने आरसा पुसला. दुर्वाने तो खिडकीकडे वळवला, डोळा लावला आणि नळी हळूहळू वर घेतली.

"अच्छा! काहीतरी पळून राहिलं! चपलेसारखं दिसते!"

मुलांची रांगच लागली. सगळ्यांत शेवटी मॅडमनी डोळा लावला आणि तो बराच वेळ हलवलाच नाही. त्या दिवशी भंगारात गेले ते माझे कपाट.

मित्रांनो, नळी खाली आणताना बाजूने बघा. भिंगातून बघताना ती वरच न्या. आणि दसऱ्याला मला कुंकू जरूर लावा, पण पाठीवर लावा. आरसा तेवढा मोकळा ठेवा.