साबणाने धुतलेला भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. हसू नका. भोपळा म्हटलं की तुम्हाला परीक्षेचा पेपर आठवतो हे मला ठाऊक आहे. पण मी तो नव्हे, आणि भाजीचाही नव्हे. मी जेमतेम तुमच्या मुठीएवढा. मला वाळवून, वरून कापून, आतून खरवडून काढलेलं आहे. माझ्यात येर्बाचा कडू पाला भरतात, त्यावर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढून पितात. आमच्या उरुग्वेतल्या पासो ओंदो गावात माणूस एक वेळ अनवाणी बाहेर पडेल; पण काखेत थर्मास आणि हातात भोपळा दिसला नाही, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

मला घडवलं आर्तेमिओने. भोपळे वाळवून विकणं हाच त्याचा धंदा. त्याच्या विहिरीजवळच्या वेलावर त्या साली चाळीसेक भोपळे धरले, त्यांतला मी मानेत जरा वाकडा. बाजारात मला कोणी हात लावला नसता. आर्तेमिओने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हा पोराला ठेवू. सरळ भोपळे काय, कोणीही घेतं."

त्याचा पोरगा एबेर तेव्हा अठरा वर्षांचा होता. टपालात नुकताच लागला होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात बापलेक दोघेच. सकाळी आर्तेमिओ पाणी तापवायचा, पहिला भोपळा स्वतः प्यायचा, दुसरा मुलाला द्यायचा. बोलणं फार नसायचं. मला वाटतं, त्यांचं सगळं बोलणं माझ्यातूनच व्हायचं.

इथे आमची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भोपळा एक, नळी एक, पिणारे कितीही. जो ओततो तो आधी पितो, मग पुन्हा भरून शेजाऱ्याला देतो. नळी पुसायची नाही. उष्टं म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. ज्याच्या तोंडचं तुम्ही पिता, तो तुमचा. ज्याच्या तोंडचं नको, त्याच्याशी तुमचं फाटलं असं समजायचं.

एबेर अठ्ठावीस वर्षांचा असताना गावात दार्दो आला. राजधानीतून शाळेत संगीत शिकवायला आलेला, क्लॅरिनेट वाजवणारा, आणि दिवसातून दहा वेळा हात धुणारा माणूस. त्याच्या नावाचं पहिलं पत्र एबेर घेऊन गेला आणि तास झाला तरी परत आला नाही. पुढे पत्र असो नसो, एबेरची मोटरसायकल त्या दारापाशी थांबू लागली. संध्याकाळी दोघे चौकातल्या बाकावर बसत आणि मी एका हातातून दुसऱ्या हातात जाई. आमच्याकडे सगळेच सगळ्यांचं उष्टं पितात, त्यामुळे दोन वर्षं गावाला काही कळलंच नाही. मला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दार्दोकडून परत येताना एबेरचा हात मला जरा जास्तच वेळ धरून ठेवायचा.

चौकात गरम तळलेल्या पुऱ्या विकणारी सुल्मा हिला मात्र सगळ्याचा वास आधी लागतो. एकदा ती कढईवरूनच ओरडली, "काय रे टपालवाल्या, त्या मास्तरला रोज एवढी पत्रं लिहितं तरी कोण?" एबेर कानापर्यंत लाल झाला. त्याच रविवारी त्याने बापाला सांगितलं.

"बाबा, दार्दो माझा नुसता मित्र नाही."

आर्तेमिओ भोपळा खरवडत होता. तो खरवडतच राहिला. मग म्हणाला, "पाणी गार झालं," आणि उठून गेला.

त्याने मुलाला घराबाहेर काढलं नाही. शिवीगाळ केली नाही. एबेर दार्दोकडे राहायला गेला तेव्हा बापाने मला स्वतः कागदात गुंडाळून दिलं. पण पुढच्या रविवारी चौकातल्या बाकावर तो आला, ते स्वतःचा पत्र्याचा कप घेऊन. दार्दोने मला भरून त्याच्यापुढे धरलं, तर त्याने तो कप वर करून दाखवला. "माझं मी आणलंय."

मित्रांनो, ज्याने मला घडवलं त्याने माझ्यासमोर त्या टमरेलातून प्यावं! हो, टमरेलच म्हणतो मी त्याला. निळा रंग उडालेला, कानाशी चेमटलेला. सहा वर्षं, दर रविवारी, तिघे एका बाकावर बसत. दार्दो दर वेळी मला पुढे करायचा, आणि म्हातारा दर वेळी तो कप वर करायचा. सगळा गाव बघायचा. बघून न बघितल्यासारखं करायचा. एबेर समोरच्या झाडाकडे पाहत बसायचा.

बाकी दिवस मजेचे होते हो. दार्दोने मुलांचा बँड उभा केला. चौकात त्यांचं वादन असलं की एबेर सगळ्यांना पाणी पाजत फिरायचा. गावाला दोघांची इतकी सवय झाली की एकटा दिसला तर विचारत, "दुसरा कुठाय?" मग देशात कायदा झाला, दोन पुरुषांनाही लग्न करता येऊ लागलं. सुल्माने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मग? पुऱ्या किती लागतील? आताच सांगा, आयत्या वेळी माझ्या नावाने बोंब मारू नका."

ऑक्टोबरातला एक शनिवार ठरला. कचेरीत सह्या करायच्या आणि नंतर चौकात सगळ्यांना एकाच भोपळ्यातून पाजायचं. तो भोपळा मीच. पण एबेरला एकच काळजी होती. "बाबा कप घेऊन आले तर? सगळ्या गावासमोर?" तो रोज हे म्हणायचा.

लग्नाला पंधरा दिवस होते. एबेर टपाल वाटायला गेला होता. दार्दोने मला खिडकीपाशी धरून आत पाहिलं. आत अठरा वर्षांची काळी पुटं चढली होती. आमच्यात त्याला मान असतो. तीच तर भोपळ्याची चव. पण दार्दो पडला शहरातला. लग्नात गावासमोर असा घाणेरडा भोपळा फिरवायचा? त्याने भांड्यांचा साबण घेतला, ब्रश घेतला आणि मला आतून बाहेरून घासून काढलं. लिंबाच्या वासाचा साबण होता. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

संध्याकाळी एबेरने पहिला घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"दार्दो! तू भोपळा साबणाने धुतलास?"

"घाण झाला होता रे."

"घाण? अरे, ती बाबांच्या हातची होती! त्यांच्याकडचं एवढंच उरलं होतं माझ्याकडे!"

दार्दोचा चेहरा पाहून मी माझा साबण विसरलो. त्यांनी मला तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं. तीनदा फेस आला. वाळलेला भोपळा साबण पितो आणि मग सोडत नाही. त्याला पुन्हा माणसात आणणारा गावात एकच होता. "मी जाणार नाही," एबेर म्हणाला. "सहा वर्षं ज्यांनी हा हातात धरला नाही, त्यांनाच आता बरा करा म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार्दो एकटाच मला घेऊन गेला. आर्तेमिओच्या दारात उभा राहिला आणि मला पुढे धरलं. म्हाताऱ्याने माझा वास घेतला.

"कोणत्या गाढवाने साबण लावला याला?"

"या गाढवाने," दार्दो म्हणाला.

आर्तेमिओने त्याच्याकडे नीट पाहिलं. सहा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "आत ये. दारात उभं राहून भोपळे बरे होत नाहीत."

चार सकाळी दार्दो तिथे गेला. आर्तेमिओ त्याला शिकवत होता, म्हणजे झापत होता. "चमच्याने. हळू. सालपट काढतोयस की विहीर खणतोयस? आता ओला पाला भर. दाब. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. झाकायचा तर मुळीच नाही, बुरशी धरेल." दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच. रोज तो मला भरून एक घोट घ्यायचा आणि थुंकायचा. "साबण." बरं करणाऱ्याने आधी चाखायचं असतं, तेवढंच ते होतं. दार्दोच्या तोंडचं तो अजूनही प्याला नव्हता.

चौथ्या दिवशी त्याने घोट घेतला आणि गिळला. "गेला. घेऊन जा."

"शनिवारी येणार ना?" दार्दोने विचारलं. "एबेर झोपत नाहीये."

"बघू," म्हातारा म्हणाला.

निघताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. टमरेल त्याच्या नेहमीच्या खिळ्यावर नव्हतं. मला वाटलं, लग्नात मिरवायला घासून ठेवलं असेल. माझ्या मनात आलं, साबणच राहिला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी सह्या झाल्या. दोघे बाहेर आले तेव्हा लोकांनी तांदूळ उधळले, बँडने एक धून चुकतमाकत वाजवली, सुल्मा रडली आणि रडताना पुऱ्या करपल्या म्हणून चिडली. आर्तेमिओ कचेरीत मागे उभा होता, आता चौकात कडेला उभा राहिला. नवा कोट घातलेला. आणि कोटाखाली, पोटाशी, काहीतरी धरलेलं. गोल. एबेरने ते पाहिलं आणि मान फिरवली.

दार्दोने मला भरलं. रीतीप्रमाणे पहिला तो प्याला, मग एबेर, मग सुल्मा, मग कचेरीतली बाई. एकेक करत फेरी कडेला पोचली. दार्दोने मला भरून म्हाताऱ्यापुढे धरलं. बँड थांबला होता. सुल्मासुद्धा गप्प होती, हे मी मुद्दाम सांगतो.

आर्तेमिओचा एक हात कोटाखाली होता. त्याने दुसरा पुढे केला आणि मला घेतलं.

"पाणी उकळलं तर नाही ना? पाला करपतो."

"नाही."

"नळी हलवलीस?"

"हात नाही लावला."

मग तो प्याला. सगळ्यांच्या तोंडची नळी तोंडात धरून, न पुसता, तळाशी खुर्रर्र आवाज येईपर्यंत प्याला. मला परत दिलं आणि म्हणाला, "पुढच्या फेरीत मला विसरू नकोस."

सुल्माला किती वेळ गप्प बसवणार? "आणि तुमचा कप हो, आर्तेमिओ?"

त्याने कोटाखालून तो बाहेर काढला. तोच निळा, कानाशी चेमटलेला. त्यात माती भरली होती आणि मातीतून भोपळ्याचं एक रोप वर आलं होतं, दोन जाडजूड पानांचं. मातीतलं पाणी खालून ठिबकत होतं. म्हाताऱ्याने कपाच्या बुडाला खिळ्याने तीन भोकं पाडली होती. आता त्यातून कोणी काही पिऊ शकणार नव्हतं. तो स्वतःसुद्धा नाही.

"दोघांसाठी आहे," त्याने ते एबेरच्या हातात दिलं आणि दार्दोकडे बोट केलं. "याला साबण लावू देऊ नकोस." एबेर रडत होता आणि हसतही होता. बापाने दोघांना जवळ घेतलं तेव्हा मी मध्येच चेंगरलो, पण तक्रार केली नाही.

त्या रोपाचा वेल दार्दोच्या कुंपणावर अजून आहे. आर्तेमिओ पुढे नऊ वर्षं दर रविवारी बाकावर माझ्यातून प्याला, आणि दर रविवारी पाणी जास्त गरम आहे म्हणून दार्दोला बोलला. आता तो नाही. मलाही मानेशी तडा गेलाय. दार्दोने तो तांब्याच्या तारेने शिवलाय, टाके जरा ओबडधोबड आहेत. मी म्हातारा झालोय, मला आता कपाटात ठेवावं, असं पाहुणे त्याला सांगतात. तो ऐकत नाही. आणि हो, टमरेलावरचा माझा राग गेलाय. ते खिडकीत बसतं, दर वसंतात त्यात नवं बी पेरतात. आम्ही एकमेकांकडे बघून घेतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. भोपळा ओला ठेवून झाकू नका, त्याला वारा लागू द्या. साबणाचं तर नावच काढू नका. तडा गेला तर शिवा, टाकू नका. आणि एकट्याने पिऊ नका. बाकावर शेजारी जो कोणी बसला असेल, त्याला भरून द्या. त्याने नाही घेतला, तरी पुढच्या रविवारी परत द्या.