सवय नको लावूस

ऑफिसात मानसीची एकच रड असते. मुलगा चार वर्षांचा झाला तरी तिच्या कुशीतून हलत नाही. "वेगळी खोली दिली, कार्टूनवाला बेड आणला, तरी येऊन चिकटतो. रात्रभर लाथा मारतो यार. वाट लागलीय पाठीची."

"आमची तेजल पण तशीच," मी म्हणते.

साफ खोटं. तेजलने मला आजवर एक लाथ मारलेली नाही. त्यासाठी ती माझ्याजवळ झोपायला तर हवी.

बाळंतपण माहेरी झालं, मुलुंडला. तिथे ती माझ्या पोटाशीच असायची. दहिसरला सासरी आले आणि पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिला उचलून आपल्या गोधडीवर घेतलं. "तुला कामावर जायचंय ना सपना? मग पोरीला तुझी सवय नको लावूस. मागून तिलाच जड जाईल." दूध पाजायला तेवढी माझ्या हातात द्यायच्या, पाजून झालं की परत घ्यायच्या. माझ्या नवऱ्याला, विशालला, ही सोय झकास वाटली. "तुझीच झोप होते ना? ऑफिसची पहाटेची शिफ्ट तुझी." सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते. भल्याचं बोलणाऱ्यांशी भांडायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

तेजल आता साडेतीन वर्षांची आहे. जेवण माझ्या हातचं, वेणी माझ्या हातची, पण डोळे जड झाले की ती उठून आजीच्या गोधडीवर जाते. मी हाक मारली तर वळून बघतसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाई भाचीच्या लग्नाला जालन्याकडे गेल्या आणि मी रजा टाकली. विशालला वाटलं, पोरीला सांभाळायला. मला फक्त ती एकदा माझ्याजवळ झोपायला हवी होती. त्यासाठी मी नवीन चादर घातली, लाजच वाटते सांगायला, अंगाला पावडरही लावली.

पहिल्या रात्री "आजी पाहिजे" म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी विशालने खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे झोपली. "आईलाच बोलावून घेऊ का?" तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरणभात खाऊन ती पेंगायला लागली. मी गादीवर आडवी झाले, हात पसरला. ती दारात उभी राहून डोळे चोळत होती. मग आत गेली आणि सासूबाईंची घरात नेसायची जांभळी साडी ओढत घेऊन आली. विरलेली, मिश्रीचा आणि बामाचा वास मारणारी.

"ही नेस."

मी नेसले. काय करणार? ड्रेसवरूनच गुंडाळली. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि पदर पुढे ओढला.

"तिकडे तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड केलं. ती पाठीला येऊन चिकटली. पदराचं टोक मुठीत धरलं, एक पाय माझ्या कमरेवर टाकला. किती गरम असतो लहान मुलांचा पाय! मला इतका आनंद झाला की तोंडातून निघूनच गेलं, "तेजू, माझी बाय..."

पाय झटकन मागे गेला.

"तू बोलू नको ना," ती म्हणाली. रागाने नाही. समजावून सांगावं तसं.

मी गप्प झाले. थोड्या वेळाने पाय परत कमरेवर आला. मग तिचा श्वास संथ झाला. माझ्या डोळ्यातलं पाणी उशीत जात होतं आणि ते पुसायला मी हातसुद्धा हलवत नव्हते.

विशालने दारातून डोकावून बघितलं. खूश झाला.

"झोपली ना शेवटी तुझ्याजवळ?" तो हळूच म्हणाला.

मला बोलायची परवानगी नव्हती.