बरी न झालेल्या बाईची साक्ष

मार्था बरी झाल्याचा व्हिडिओ कडा गावातल्या निम्म्या लोकांच्या फोनवर होता. बाया ब्लाउजपीस घेऊन तिच्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "आता काय बाई, हात मोकळा झाला. परवापर्यंत देशील ना?" मार्था मान डोलवायची आणि मनातल्या मनात चरफडायची. त्याच सकाळी तिनं चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरलेला असायचा, कारण बोटं कपाच्या कानात शिरत नव्हती.

दुखणं सात वर्षांचं. बत्तिसाव्या वर्षी एकदा सकाळी उठली तर दोन्ही हातांची बोटं फुगलेली आणि मुठी आखडलेल्या. वर्षभर कुणी एरंडाची पानं बांध म्हणालं, कुणी दही सोड, कुणी वांगं सोड. सगळं सोडून झाल्यावर नगरच्या डॉक्टरांनी आमवात असल्याचं सांगितलं. हा जन्माचा सोबती आहे, औषधानं आटोक्यात राहील, पण जाणार नाही, असंही सांगितलं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी अन्नाचा वास नकोसा व्हायचा, पण हात चालायचे. मशीनला मोटर बसवून घेतली आणि मार्था शिवत राहिली.

तिचं सासर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. नवरा रविराज साखर कारखान्यावर वॉचमन, घरात सासू रुक्मिणीबाई. रविवारी तिघं चर्चमध्ये आराधनेला जायची आणि दर रविवारी कुणीतरी मार्थाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "विश्वासानं मागा ताई, मिळंल." सात वर्षांत हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे पुढे तो हात डोक्यावर आला की तिच्या जबड्याला कळ लागायची. मागत नव्हते का मी? अजून किती विश्वासानं मागायचं असतं?

जानेवारीत माजलगावला प्रार्थनेनं आजार बरे करायची तीन दिवसांची आरोग्य सभा झाली. बाहेरून मोठे प्रचारक आले होते. रुक्मिणीबाईंनी हट्ट धरला आणि मार्था गेली. मांडव, स्पीकर, गाणी, रडारड. प्रचारकांनी तिला स्टेजवर बोलावलं, उजवं मनगट धरलं आणि ओरडून सांगितलं, "हात वर कर!" त्या महिन्यात गोळ्यांचा गुण बरा होता. समोर हजारभर माणसं होती. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच फार वाटत होतं की व्हावं. हात खांद्याच्या वर गेला. ती रडली, आणि ते रडणंही खरंच होतं. मांडवात "हालेलूया" घुमलं आणि कुणीतरी ते सगळं फोनमध्ये टिपून घेतलं.

घरात गोळ्या ठेवणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं प्रचारक खाली उतरता उतरता म्हणाले होते, तेही त्या व्हिडिओत आलं होतं. घरी आल्यावर मार्थानं गोळ्यांच्या पट्ट्या संडासात टाकल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तेच तिला नंतर सगळ्यात जास्त टोचायचं.

पाच आठवडे बरे गेले. सहाव्या आठवड्यात एकदा सकाळी ती बाथरूममध्ये गेली आणि आतून लावलेली कडी तिला काढता येईना. बोटांत जोरच नव्हता. कोपरानं ढकलून पाहिलं, दातांनी ओढून पाहिलं. शेवटी रविराजनं बाहेरून दाराचे स्क्रू काढले. ओल्या गाऊनवर दोन्ही हात पोटाशी धरून ती बाहेर आली तेव्हा रुक्मिणीबाई समोर उभ्या होत्या.

"सभेत तर चांगली बरी झालतीस," त्या म्हणाल्या. "मंग घरी येऊन कावून शंका घेतलीस?"

मार्था त्यांच्या बाजूनं आत निघून गेली. बोलली असती तर फार वाईट बोलली असती.

डॉक्टरांनी झापलं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. तोवर डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती. ती आता सरळ होणार नव्हती.

ती त्यांच्या चर्चच्या याकोब पाळकांकडे गेली. याकोब पाळक स्वभावानं गरीब, कुणाला दुखवायचं नाही असे. तो व्हिडिओ त्यांनीच मंडळीच्या ग्रुपवर टाकला होता.

"साहेब, तेवढा काढून टाका. आणि मी बरी न्हाई असं लोकांना सांगा."

पाळकांनी चष्मा पुसला. "ताई, तो पाहून लोकांचा विश्वास वाढतोय. थोडं थांबू. काय सांगावं, देव अजून काम करत असंल."

"देवाचं काम चालू हाय का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. माझं शिलाईचं काम बंद पडलंय, तेवढं ठाऊक हाय."

त्यानंतर तिनं आराधनेला जाणं सोडलं. प्रार्थना मात्र सुटेना. सवयीनं ती सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची आणि भांडायची. तुला ऐकू येत नाही का? एवढं जग चालवतोस, दहा बोटं तुला जड झाली? मला लोकांसमोर उभं केलंस आणि सोडून दिलंस. भांडण संपलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, दोघी दारात आल्या. एक पन्नाशीची, डोक्यावर पदर, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. दुसरी विशीची पोरगी, आईच्या खांद्यावर भार टाकून चालणारी. दोन एसट्या बदलून शिरूर कासारहून आल्या होत्या. आईचं नाव बायडाबाई, पोरीचं स्वप्नाली.

"त्या व्हिडिओतल्या तुमीच ना?" बायडाबाईंनी विचारलं.

मार्थाच्या कपाळात तिडीक गेली. "मीच."

"आमी तुमच्यातले न्हाई बाई. पण हिला तुमचाच आजार हाय. दोन वर्सं झाली. तुमी बरं झालेलं बघितलं आन् म्हनलं, एकदा हात लावून घ्यावा." त्यांनी पोरीची सलवार घोट्यावरून वर केली. दोन्ही गुडघे सुजून तकतकीत झाले होते.

"गोळ्या कोणत्या चालू हायत?" मार्थानं विचारलं.

"बंद केल्या की. महिना झाला. त्या व्हिडिओत त्ये साहेब सांगतेत ना."

मार्था मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. तिला इतका राग आला की क्षणभर समोरचं नीट दिसेना. प्रचारकांचा राग, पाळकांचा, सासूचा, आणि स्टेजवर वर गेलेल्या स्वतःच्या हाताचा. मग तिनं दोन्ही हात उचलून बायडाबाईंच्या डोळ्यांसमोर धरले.

"हे बघा. ह्याला बरं होणं म्हणतात का? ही करंगळी बघा. गोळ्या सोडल्या म्हणून वाकडी झालीय. आता मेले तरी सरळ होणार न्हाई."

बायडाबाई मागे सरकल्या. "मंग त्यो व्हिडिओ खोटा?"

"हात वर गेला ते खरं. बरी झाले ते खोटं."

"आवं, मंग आमी एवढ्या उन्हात..." बायडाबाईंनी पोरीची सलवार खाली ओढली. "लोकायला आशा लावायची आन् घरात गुपचूप बसायचं, असला कसला तुमचा धर्म बाई?"

मार्था उठली. तिनं दोघींना पाणी दिलं, पोहे करायला घेतले. कांदा स्वप्नालीनं चिरला, कारण मार्थाला सुरी धरवेना. चिरता चिरता पोरगी हळूच म्हणाली, "ताई, तुमाला राग येत न्हाई का देवाचा?"

"रोज येतो."

"मंग प्रार्थना कावून करता?"

मार्था कढईत मोहरी टाकून थांबली. असं सरळ तिला कुणीच विचारलं नव्हतं. ती सावकाश बोलायला लागली. पुढचं वाक्य काय येईल हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"क्रुसावर द्यायला येशूला धरायच्या आधी त्यो एका बागेत गेलता. जिमिनीवर पालथा पडला आन् देवाला म्हणाला, हे माझ्यावरचं काढून घे. एकदा न्हाई, तीनदा. घामाघूम झाला. सोबतची माणसं झोपली. आन् काढलं का देवानं? न्हाई काढलं." तिनं पोहे ढवळायला घेतले, उलथनं तळव्यांत दाबून. "आता त्याला कुणी म्हणंल का, तुझा विश्वास कमी पडला म्हणून? माझ्यासारखंच त्यानं मागितलं आन् देव त्याला बी न्हाई म्हणाला. म्हणून त्याच्याशी बोलवतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर औषध सांगतात न्हाईतर चूक काढतात. ह्यो ऐकून घेतो. एवढंच हाय बाई माझ्याकडं. गुडघा बरा करायचं न्हाई काही."

स्वप्नालीनं बशीतले पोहे संपवले. जाताना तिनं मार्थाचे हात आपल्या हातांत घेतले, अजिबात न दाबता. असं धरायचं असतं हे फक्त दुखणाऱ्यालाच कळतं. मार्थानं डॉक्टरांचा पत्ता आणि आपला फोन नंबर कागदावर लिहून दिला. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं.

त्या रविवारी मार्था आराधनेला गेली. गाणी झाल्यावर याकोब पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?" एकानं पोराला नोकरी लागल्याचं सांगितलं, एकीनं ताप उतरल्याचं. मग मार्था उठली. मंडळीत आनंदाची कुजबुज झाली. रविराजला तिनं घरूनच सांगून आणलं होतं. त्यानं फोन काढून समोर धरला.

"सलाम," ती मंडळीच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली. माईक तिनं मनगटांमध्ये धरला होता. "मी बरी झाले न्हाई. माजलगावला बरी झाले न्हाई, नंतर बी न्हाई. गोळ्या टाकल्या ती माझी चूक. माझं बघून एका पोरीनं गोळ्या सोडल्या. तिचे गुडघे माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. ज्या कुणी सोडल्या असतील त्यांनी आजच्या आज डॉक्टरकडं जावं."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पाळक अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"सात वर्सं तुमी म्हणता विश्वास ठेव. मी ठेवलाय. कडी निघत न्हाई तवा बी ठेवलाय. बरं केलं न्हाई म्हणून मी देवावर लई चिडलेली हाय, आन् हे त्याला तोंडावर सांगते. तरी त्यो मला सोडून गेला न्हाई. लोकं उठून जातात, त्यो बसून राहतो. हीच माझी साक्ष. दुसरी न्हाई."

कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं.

आराधना संपल्यावर बाहेर दोघी-तिघींनी तिच्याकडे पाठ केली. एक जण तर म्हणाला, "मंडळीची लाज घालवली." याकोब पाळक सगळे गेल्यावर जवळ आले. मान खाली होती. "मी थांबू म्हणालो, ते माझं चुकलं ताई," ते म्हणाले. त्यांनी तिथंच जुना व्हिडिओ ग्रुपवरून काढला आणि रविराजनं काढलेला नवा टाकला. पण जुना तोवर कुठे कुठे गेला होता, ते त्यांच्या हातात नव्हतं. जुना हजारोंनी पाहिला होता. आठवड्याभरात नवा एकशे बारा जणांनी पाहिला.

मार्थाला याचाही संताप आला.

त्या रविवारनंतर दोन दिवस रुक्मिणीबाई तिला टाळत होत्या. तिसऱ्या दिवशी मार्था कशीबशी साडीला फॉल लावत बसली असताना त्या येऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

"म्हंजे?"

"दिवाळीपासून धुरकट व्हतं. आता कायच न्हाई. साखर हाय ना मला."

मार्थानं साडी बाजूला सारली. "आत्या! दिवाळीपासून? आन् मला म्हणत होता शंका घेतली म्हणून? सांगायचं कावून न्हाई?"

"काय सांगू?" म्हातारीचा आवाज फाटला. "सगळ्यांना मीच सांगत फिरते, विश्वास ठेवा म्हणून. मलाच झालं तर मला काय म्हणतील? मी बी मागितलं ना गं. रोज मागितलं."

मार्थाला ओरडायचं होतं. सहा महिने वाया घालवले म्हणून, तिला बोल लावला म्हणून, स्वतःचा डोळा घालवला म्हणून. ती ओरडलीही थोडी. मग उठून तिनं सासूच्या डोक्यावर तळहात ठेवला. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसताच ठेवला. रुक्मिणीबाई तिच्या कमरेला डोकं टेकून रडल्या, आणि मार्थाच्या लक्षात आलं की आज आपला जबडा आवळलेला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. त्याच सकाळी शिरूरहून फोन आला. स्वप्नालीनं गोळ्या सुरू केल्या होत्या, अजून गुण नव्हता, उलट्या होत होत्या आणि ती आईवर खेकसत होती. "ताई, तुमचा त्यो बागेतला," ती म्हणाली, "त्याला माझं बी सांगा. मला बोलता येत न्हाई तसं."

"तूच सांग. शिव्या दिल्यास तरी चालतंय," मार्था म्हणाली.

नगरची एसटी पाऊण तास उशिरा होती. स्टँडवर बाकाला सावली नव्हती. मार्थाचे घोटे ठणकत होते, गोळीचा दुसरा दिवस असल्यामुळे स्टँडवरच्या भज्यांचा वास सोसवत नव्हता, आणि रुक्मिणीबाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "आली का गं?"

"न्हाई आली. आल्यावर दिसंलच की."

"तुला दिसंल. मला कुठं दिसतंय?"

दोघी एकदम हसल्या, मग पुन्हा वैतागल्या. रुक्मिणीबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि भर स्टँडवर, आजूबाजूच्या माणसांची पर्वा न करता, मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. प्रभू, ही एसटी लवकर धाड. डोळा राहिला तर बरं, न राहिला तर आमच्याजवळ राहा. आणि माझ्या सुनेचा राग जरा कमी कर.

"तेवढं मागू नका," मार्था म्हणाली आणि आमेन म्हटलं.

एसटी त्यानंतरही वीस मिनिटांनी आली.