गोड पाण्याचा नकाशा

आबी लाटेगानांच्या कवितांपैकी एकच अशी होती, जी त्यांच्या आईखेरीज दुसऱ्या कोणी वाचली. पुढे कोणीतरी तिला कॉन्सर्टिनावर, म्हणजे हातातल्या छोट्या भात्याच्या पेटीवर, चाल लावली आणि मग ती वाचायचीही गरज उरली नाही. कारूच्या कोरड्या माळावर आफ्रिकान्स बोलणाऱ्या घरात लग्न असो, लोकर कातरून झालेली असो की चर्चचा बाजार असो, हे गाणं झाल्याशिवाय माणसं घरी जात नसत. गाण्यातली वाट अशी: चर्चपासून निघायचं, पवनपंप उजव्या हाताला ठेवायचा, तीन फाटकं उघडून परत लावायची, मिरीच्या झाडाशी डावीकडे वळलं की झरा. तिथे ती उभी, आणि तिच्या ओंजळीतलं गोड पाणी.

'ती' कोण, असं विचारलं की आबीकाका बायकोकडे, सुसाराकडे, हात करायचे. सुसारा रस्क बशीत ठेवत राहायची. गाणं म्हणणारा वाट तपासायला जात नाही, त्यामुळे चाळीस वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

ते बिघडवलं लिएझलने. पोरगी हुशार, गावाच्या पर्यटन समितीवर नवीन आलेली. गाण्याच्या वाटेने लोकांना चालत न्यायचं, झऱ्याशी गाणं म्हणायचं, पाणी प्यायचं, अशी तिची योजना होती. तिने कवितेच्या ओळी धरून नकाशा काढला आणि तो दाखवायला एका सकाळी काकांच्या स्वयंपाकघरात आली. आधी कॉफीची तारीफ केली. ती सगळेच करत. सुसारा कॉफीसाठी अजूनही माहेरच्या शेतावरून, रूइक्लूफहून, पाण्याचे कॅन भरून आणायची. त्या मुलखात प्रत्येक शेताच्या पाण्याची चव वेगळी, कॉफीच्या घोटावरून शेत ओळखतात.

मग नकाशा टेबलावर पसरला, आणि काकांच्या घशात रस्क अडकला. रूइक्लूफ गावाच्या पूर्वेला. नकाशातली वाट निघाली होती थेट पश्चिमेला, वितपुटच्या शेतावर. वितपुट म्हणजे ड्रीनाचं माहेर. ड्रीना लग्न करून समुद्रकाठी गेली त्याला जमाना झाला. पण तिचं नाव लाटेगानांच्या घरात कधीच निघालं नव्हतं, आणि न निघणारं नाव सगळ्यांत मोठ्याने ऐकू येतं.

"कविता म्हणजे काही मोजणी नव्हे," काका म्हणाले. "पवनपंप डाव्या हाताला घे. रूइक्लूफला नेऊन सोड."

"काका, पाट्या रंगवून झाल्यात."

"जाऊ दे ना कविता जाते तिकडे," सुसारा म्हणाली आणि सगळ्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

चोराच्या मनात चांदणं. पहिल्या फेरीचा शनिवार उजाडेपर्यंत काकांनी मनातल्या मनात शंभर खुलासे तयार केले. त्यांना खरोखर भीती वाटत होती. या वयात सुसारा उठून बहिणीकडे गेली तर आपल्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही, हे ते जाणून होते. आणि ती गेली तर घर कसं होईल, हा विचार त्याहून वाईट होता.

शनिवारी सगळं गाव वितपुटच्या झऱ्याशी जमलं. चर्चच्या बायकांनी गाणं म्हटलं. पहिला पेला पाद्रीसाहेबांना दिला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, मोठ्या कष्टाने गिळला आणि म्हणाले, "गोड." मग शाळेच्या बाई प्यायल्या, त्याही म्हणाल्या, गोड. कॉन्सर्टिनावाल्याने डोळ्यांतलं पाणी पुसत मान डोलावली. कवितेतच लिहिलंय म्हटल्यावर जिभेला कोण विचारतो? काकांची पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा ते हे पाणी प्याले. मचूळ, खारट, मेंढीनेसुद्धा तोंड वाकडं करावं असं. पेल्याच्या काठावरून त्यांनी पाहिलं, सुसारा त्यांच्याकडेच बघत होती.

परतताना गाडी तिने चालवली. गाडीत शेजारी बसेल त्याने उतरून फाटकं उघडायची, हा तिथला रिवाज. मग तो कवी का असेना. तिसऱ्या फाटकाशी तिने इंजिन बंद केलं.

"सुसारा, ते ड्रीनाचं..."

"शाळेत असताना मी तिच्याकडे राहायला जायचे रे. त्या घरात टाकीतलं पावसाचं पाणी पितात. झऱ्याचं एकदा प्यालेला माणूस जन्मात त्याला गोड म्हणायचा नाही."

चाळीस वर्षं काका पाप उघडं पडेल म्हणून घाबरले होते; आता ते केलंच नव्हतं, हे उघडं पडत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची होती ती. त्यांना खरंतर राग आला.

"मी गेलो होतो तिथे," ते म्हणाले.

"मिरीच्या झाडापर्यंत गेला असशील. तिथून तिच्या बापाची कुत्री दिसायची." सुसारा हसली नाही. "तेव्हा तू आमचा पवनपंप दुरुस्त करायला यायचास. मीच पाणी द्यायचे. गोड पाणी तू दुसरीकडे कुठे प्यायला होतास? कविता ऐकली तेव्हाच म्हटलं, वाट तिची असू दे, पाणी आमचं आहे. चालेल."

काका उतरले. फाटक उघडलं तोच पलीकडून एक पाहुण्यांची गाडी आली. आत तेच गाणं लागलं होतं. एका बाईने लिएझलचा नकाशा खिडकीतून बाहेर काढून विचारलं, "काका, झऱ्याचं पाणी खरंच गोड आहे ना?"

काकांनी एकदा मागे सुसाराकडे पाहिलं.

"मचूळ आहे," ते म्हणाले. "गोड हवं तर गावाच्या पलीकडे, रूइक्लूफला जा."

बाईने नकाशा आत घेतला. "चला हो," ती नवऱ्याला म्हणाली, "या काकांना कविता माहीत नसावी."

गाडी धूळ उडवत वितपुटकडे गेली. मग सुसाराने आपली गाडी फाटकाबाहेर काढली. काकांनी मागे फाटक लावलं, कडी नीट बसली का पाहिलं आणि वळले. सुसाराने आतून हात लांबवून शेजारचं दार उघडून ठेवलं होतं.